बेसमेंटच्या भाड्यावर घराचा हप्ता फिटतो का? ब्रॅम्प्टनला येणाऱ्या कुटुंबासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाची पीआर (कायम राहण्याची परवानगी) हातात आली आहे, पिंपळे सौदागरचा फ्लॅट विकून टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला (ओंटारियो प्रांत) यायचं, वर्षभरात घर घ्यायचं, खाली बेसमेंट करून भाड्याने द्यायचं. तुमचे मेव्हणे म्हणतात, "हप्ता भाडेकरूच भरेल." मग लीगल बेसमेंट म्हणजे नक्की काय, खर्च किती, आणि पैसा उभा कसा करायचा?

मेव्हण्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण ते २०२४ च्या आधीचं गणित आहे. तेव्हा इथे एकेका बेसमेंटसाठी रांगा लागायच्या, कारण शेरिडन कॉलेजपासून सगळीकडे बाहेरून आलेले विद्यार्थी होते. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने स्टडी परमिटवर मर्यादा आणली, आणि त्यानंतर भाडी खाली आली. आज दोन बेडरूमच्या बेसमेंटला मी १,६०० ते १,८०० डॉलर धरीन, त्याच्या वर नाही. तेही वर्षातले अकराच महिने धरा. एक भाडेकरू गेला की दुसरा मिळेपर्यंत महिना रिकामा जातोच.

आता समोर हिशेब मांडू. समजा घर ९ लाख डॉलरचं, तुम्ही २० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार भरले. उरलेल्या ७ लाख २० हजारांवर साडेचार टक्क्यांनी, तीस वर्षांसाठी, महिना साधारण ३,६०० डॉलर हप्ता. प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स, गॅस-वीज-पाणी धरून साडेचार हजारांच्या पुढे जाता. बेसमेंटला लाखभर डॉलर लागले तर त्याचं व्याज महिना साडेचारशे-पाचशे. १,७०० भाडं अकराच महिने येतं, म्हणजे वर्षाची सरासरी महिना साधारण १,५५०. त्यातून ते व्याज वजा करा, भाड्याच्या नफ्यावरचा इन्कम टॅक्स वजा करा. उरतात फार तर हजाराच्या आसपास. चांगली रक्कम आहे, मी ती कमी लेखत नाही. पण तिने हप्ता फिटत नाही, हप्त्याचा भार हलका होतो. माझ्या मते घर तेवढ्याच किमतीचं घ्यावं, जे बेसमेंट सहा महिने रिकामं राहिलं तरी तुमच्या पगारात टिकेल.

"लीगल" या शब्दाकडे जरा नीट बघा, कारण एजंट तो फार सैल वापरतात. कायद्याने ओंटारियोत घरात दुसरं युनिट (वेगळं राहतं घर) करायला आता अडचण नाही. २०२२ च्या बिल २३ या कायद्यानंतर शहरी भागात, नळ-गटार असलेल्या प्लॉटवर, तीन युनिटपर्यंत परवानगी आहे. पण परवानगी आहे म्हणजे तुमच्या पायाखालचं बेसमेंट आपोआप कायदेशीर झालं, असं नाही. त्यासाठी बिल्डिंग परमिट निघालेलं हवं, सगळी इन्स्पेक्शन पास होऊन ते परमिट बंद झालेलं, म्हणजे काम पूर्ण म्हणून नोंदलेलं हवं, आणि ब्रॅम्प्टनमध्ये घराची टू-युनिट ड्वेलिंग म्हणून सिटीकडे नोंदणी हवी. २०२४ मध्ये काही वॉर्डांत भाड्याच्या घरांना लायसन्सही लागू झालं. घर कुठल्या वॉर्डात आहे आणि तिथे आज ते लागतं का, ते आधी सिटीकडे पाहा. लिस्टिंगमध्ये तळाशी "सेलर डझ नॉट वॉरंट रेट्रोफिट स्टेटस ऑफ बेसमेंट" (बेसमेंट नियमांत बसतं याची विकणारा हमी देत नाही) असं वाक्य दिसलं, की समजायचं: खाली किचन असेल, भाडेकरूही असेल, पण कागद नाहीत. किंमत त्याच हिशेबाने बोला. आणि एजंटने फोनवर काहीही सांगितलं तरी तुमच्या वकिलाला सिटीकडून बंद झालेल्या परमिटची खात्री करून घ्यायला सांगा.

तयार लीगल बेसमेंटचं घर महाग पडतं, त्यामुळे तुमच्यासारखे बरेच जण कोरं बेसमेंट असलेलं घर घेऊन स्वतः काम करून घेतात. हरकत नाही, पण घर बघायला जाताना खिशात मेजरिंग टेप ठेवा. वरचं किचन, बॅकस्प्लॅश, बॅकयार्ड बघायला घरची मंडळी आहेत. तुम्ही सरळ खाली उतरा. पाच वर्षांहून जुन्या घरात बेसमेंटची उंची १.९५ मीटर, म्हणजे जवळपास ६ फूट ५ इंच लागते. ही उंची जॉइस्टपर्यंत (वरच्या मजल्याच्या आडव्या तुळयांपर्यंत) मोजायची नसते. घराच्या मधोमध फर्नेसची (घर तापवणाऱ्या यंत्राची) डक्ट म्हणजे हवेची नळी गेलेली असते, शेजारी स्टीलची बीम असते. टेप तिच्या बुडाला लावायची. वर खाली ड्रायवॉल (छता-भिंतींचे जिप्सम बोर्ड) आणि फ्लोअरिंगमध्ये दोन-तीन इंच जातात, तेही वजा करायचे. त्या डक्टखालून बाहेरच्या दाराकडे जायचा रस्ता असेल आणि तिथे उंची बसत नसेल, तर एक तर डक्ट हलवा नाही तर जमीन खोदा. दोन्हीत पैसा पाण्यासारखा जातो.

नंतर बाहेर या आणि घराची बाजू बघा. भाडेकरूचं दार बहुतेक तिथूनच काढावं लागतं, आणि ब्रॅम्प्टनमध्ये त्या दारापर्यंत १.२ मीटर रुंद मोकळी वाट लागते. कुंपण ते भिंत टेप लावा. तिथेच एसीचं युनिट किंवा गॅस मीटर उभा असला तर वाट कापली जाते. जमिनीखाली जिना उतरवून दार करायचं असेल तर पाया खणण्याआधी ओंटारियो वन कॉलला कळवणं सक्तीचं आहे. ते फुकट आहे, आणि गॅसची लाइन कुठून जाते ते जमिनीवर खुणा करून दाखवतात.

बेडरूमच्या खिडकीचा नियम साधा, पण महत्त्वाचा. आग लागली तर माणूस त्यातून बाहेर पडला पाहिजे. उघडल्यावर मोकळी जागा निदान ०.३५ चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. बिल्डरने दिलेल्या बारक्या खिडक्या यात बसत नाहीत. भिंत कापावी लागते. काँक्रीटची करवत चालू झाली की आख्ख्या घरात राखाडी चिखल आणि धूळ, म्हणून हे काम राहायला जाण्याआधी उरकलेलं बरं. खिडकीबाहेर विहिरीसारखा खड्डा असेल तर त्यातही ५५० मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि पाणी निचरायला ड्रेन हवा. १६ जुलै २०२४ च्या पावसात टोरांटो-मिसिसागा भागात कितीतरी बेसमेंटांत पाणी शिरलं. बॅकवॉटर व्हॉल्व्ह (गटाराचं पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आणि संप पंप (साचलेलं पाणी उपसणारा) यांवर काटकसर करू नका.

आगीच्या बाबतीत वरचं आणि खालचं घर वेगळं करणारी छत-भिंत सर्वसाधारणपणे ३० मिनिटं आग थोपवणारी लागते. दोन्ही युनिटमध्ये एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म बसवले तर जुन्या घरात छताला १५ मिनिटांची सवलत मिळते. एकच फर्नेस दोन्ही घरांना चालते, पण डक्टमध्ये धूर ओळखून फर्नेस बंद करणारा डिटेक्टर बसवावा लागतो. हे सगळं नकाशात येतं, आणि नकाशा बीसीआयएन (ओंटारियोतला नोंदणी) क्रमांक असलेल्या डिझायनरकडूनच करून घ्या. विजेचं परमिट वेगळं, ते ईएसए या ओंटारियोच्या वीज-सुरक्षा संस्थेकडे.

एक गोष्ट इथल्या आपल्या मंडळींना वारंवार सांगावी लागते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "इन्स्पेक्टर यायला आठवडा आहे, तोवर ड्रायवॉल लावून टाकू." लावू देऊ नका. इन्स्पेक्टरला फ्रेमिंग, प्लंबिंग, इन्सुलेशन डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ओळखीतल्या एका घरी बाथरूमची टाइल बसवून झाल्यावर ती फोडावी लागली, कारण आतला पाइप कोणी तपासलाच नव्हता. पैसे इन्स्पेक्शनच्या टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता परमिट बंद झाल्यावर. खर्चाचं म्हणाल तर वेगळं दार, दोन बेडरूम, किचन, बाथ असं साधं काम ऐंशी हजार ते सव्वा लाख डॉलरमध्ये बसतं. पंधरा टक्के वरखर्चासाठी बाजूला ठेवा. पन्नास हजारांत करून देतो म्हणणारा बहुधा परमिटशिवाय करून देतो.

आता पैसा. इथेच नव्याने आलेल्यांची गफलत होते. सगळे सांगतात, "हेलॉक काढ." होम इक्विटी लाइन घराच्या किमतीच्या ६५ टक्क्यांपर्यंत, आणि मॉर्गेज (गृहकर्ज) धरून एकूण ८० टक्क्यांपर्यंतच मिळते. तुम्ही आताच २० टक्के भरून घर घेतलं, म्हणजे ८० टक्के आधीच उचललेत. हेलॉकला जागाच उरली नाही. दहा वर्षांपूर्वी घर घेतलेल्या मेव्हण्यांना ती मिळते, तुम्हाला नाही. तुमच्यासमोर मग तीन वाटा. घर घेतानाच "पर्चेस प्लस इम्प्रूव्हमेंट" प्रकारचं मॉर्गेज, ज्यात नूतनीकरणाचा खर्च मिळवता येतो. मर्यादा असते, आणि पैसा काम पूर्ण झाल्यावर सुटतो, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला द्यायला रोकड तुमचीच. दुसरी, १५ जानेवारी २०२५ पासून आलेली सोय: दुसरं युनिट करण्यासाठी घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, कर्ज बुडण्याचा विमा उतरवलेलं रीफायनान्स (जुन्या कर्जाच्या जागी मोठं नवं कर्ज). घराची किंमत २० लाख डॉलरच्या आत हवी, तुम्ही किंवा जवळचा नातेवाईक एका युनिटमध्ये राहायला हवा, आणि ते युनिट प्रवाशांना अल्पमुदतीच्या भाड्याने देता येत नाही. विम्याचा हप्ता पडतो, तो धरा. तिसरी वाट म्हणजे डाउन पेमेंट थोडं कमी भरून पुण्याच्या पैशातला एक भाग कामासाठी हातात ठेवणं. २० टक्क्यांखाली गेलात की कर्जाचा हा विमा लागतो, पण मला तरी तुमच्या बाबतीत हीच वाट सरळ वाटते. २०२४ मध्ये २ टक्के व्याजाने ८० हजारांपर्यंतचं सरकारी कर्ज जाहीर झालं होतं. त्याच्या भरवशावर एक डॉलरही मांडू नका. आणि बँकेने भाडं उत्पन्नात धरावं असं वाटत असेल तर युनिट लीगल हवं. तेव्हाही बऱ्याच बँका निम्मंच भाडं धरतात.

पुढे आई-बाबा येतील म्हणून विचारलंत. ६५ वर्षांवरच्या नातेवाइकासाठी वेगळं युनिट केलं तर मल्टिजनरेशनल होम रिनोव्हेशन क्रेडिट ही करसवलत मिळते. पण ती त्यांच्या राहण्यासाठी आहे, भाडेकरूसाठी नाही. भाड्याचं उत्पन्न कॅनडाच्या इन्कम टॅक्सच्या टी७७६ फॉर्मवर दाखवावं लागतं, त्यासमोर कर्जाचं व्याज आणि खर्चाचा भाग वजा करता येतो. घसारा मात्र घेऊ नका. घर विकताना त्या भागाची करमाफी अडचणीत येते. होम इन्शुरन्स कंपनीलाही भाडेकरू असल्याचं कळवा, नाहीतर ऐनवेळी क्लेम अडतो.

भाडेकरूबद्दल सर्वात महत्त्वाचं: आपल्याकडचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स डोक्यातून काढून टाका. इथे वर्षाचा करार संपला की भाडेकरू जात नाही, तो महिन्या-महिन्याने आपोआप पुढे चालू राहतो. करार सरकारी नमुन्यातच. पागडी नाही, मोठं डिपॉझिट नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं तेवढं आगाऊ घेता येतं. स्वतःला राहायला जागा हवी तर एन १२ नोटीस, साठ दिवस, आणि वर एका महिन्याचं भाडं भरपाई. भाडं थकलं तर लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे जायचं, तिथे महिनोन् महिने जातात. म्हणून निवडतानाच पगाराच्या स्लिपा, क्रेडिट रिपोर्ट, आधीच्या घरमालकाचा फोन. मराठी माणूस आहे, ओळखीचा आहे म्हणून हे सोडू नका.

राहिला पुण्याचा फ्लॅट. तुम्ही परदेशी स्थायिक झाल्यावर विकलात तर खरेदीदाराला टीडीएस जास्त कापावा लागतो आणि रक्कम एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं), इन्कम टॅक्सचा फॉर्म आणि सीएचं प्रमाणपत्र करून आणावी लागते. निघण्याआधी विकलात तर एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. पती-पत्नी दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर दोघांची मर्यादा वापरा. दहा लाख रुपयांच्या वर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते. इथली बँक डाउन पेमेंटचा नव्वद दिवसांचा हिशेब मागते, तेव्हा सेल डीड, बँक स्टेटमेंट, पाठवल्याच्या पावत्या सगळं इंग्रजीत, एका फाइलमध्ये घेऊन या.