शेव्हेलचा क्लच आणि पुण्यातली एसआयपी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. वय ३९, लग्न झालंय, एक मुलगी. २०१४ पासून अमेरिकेत आहे, आता ग्रीन कार्डही आहे. माझ्याकडे १९७० ची शेव्हेल मालिबू गाडी आहे, ३५० इंजिन आणि टर्बो ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो गिअरबॉक्स काढून घरच्या गॅरेजमध्येच पाच गिअरचा मॅन्युअल, ट्रेमेक टीकेएक्स, बसवायचा आहे. गिअरबॉक्स, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील, क्लच मिळून ५,५०० डॉलर. त्यासाठी पुण्याहून निघताना सुरू केलेल्या म्युच्युअल फंडाच्या दरमहा दहा हजारांच्या एसआयपीतून पाच लाख काढणार आहे. आज तिथे २९ लाख जमलेत. भारतात कर तीसेक हजारच बसेल. एक युलिपही (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) आहे, वर्षाला दीड लाखाचा हप्ता, पण ती करमुक्त असल्यामुळे मोडत नाही. अमेरिकेचं रिटर्न मी स्वतः सॉफ्टवेअरवर भरतो. भारतातल्या पैशावर भारतात कर भरतोच, म्हणून इकडे दाखवायची वेळ आली नाही. मॅन्युअल झाली की गाडी दहा हजार डॉलरनं तरी वाढेल. ऑगस्टच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, इथल्या जुन्या गाड्यांच्या फेरीला, न्यायची आहे. काढू ना पैसे?

उत्तर: नका काढू. निदान या महिन्यात तरी नको. गिअरबॉक्सकडे शेवटी येऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ गाडीबद्दलची नाहीच. ‘इकडे दाखवायची वेळ आली नाही’ ही आहे.

वेळ दरवर्षी येत होती. अमेरिकेत करनिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं, पुण्याच्या बचत खात्यातलं चार हजार व्याजसुद्धा. रिटर्नसोबतच्या शेड्यूल बी या फॉर्मच्या तळाशी विचारतात, परदेशात तुमचं खातं आहे का? तुम्ही बहुधा अकरा वर्षं ‘नाही’वर टिचकी मारत आलात. शिवाय परदेशातल्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. त्यात बचत खातं येतं, फंड येतो, युलिपही येते. तुमची बेरीज आज ४५ लाखांच्या घरात असेल, म्हणजे ५०,००० डॉलर.

आता एसआयपी. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या नजरेत पीएफआयसी, म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतो, आणि त्याचा कर मुद्दामच जाचक ठेवलेला आहे. विकताना झालेला नफा तुम्ही धरून ठेवलेल्या सगळ्या वर्षांवर वाटतात, मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्यावर त्या वर्षाचा सर्वात वरचा दर लावतात (सध्या ३७ टक्के, २०१७ पर्यंत ३९.६) आणि वर त्या वर्षापासूनचं व्याज. तुमचा स्लॅब काय, हे कोणी विचारत नाही.

हिशेब करू. फंडातून पैसे काढताना आधी सर्वात जुनी युनिट्स जातात, म्हणजे नफा सर्वात जास्त असलेली. पाच लाखांत नफा साडेतीन लाख धरा. त्यावर कर सव्वा लाखाच्या वर, व्याज चाळीस-पन्नास हजार. झाले पावणेदोन लाख. भारतात भरलेल्या कराची काही वजावट मिळेल, पण ती सीपीएच्या (तिथल्या सीएच्या) फीमध्ये जाईल.

त्यातून अमेरिकेत राहणारा माणूस पुण्यातलं खातं साध्या निवासी बचत खात्यासारखं चालवू शकत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायला हवं होतं. फंडाच्या केवायसीतही तुम्ही भारताचेच रहिवासी दिसत असाल. या माहितीची देवाणघेवाण दोन देशांत २०१५ च्या करारापासून चालू आहे. कधी विचारलं नाही याचा अर्थ विचारणार नाहीत असा नाही.

बाहेर पडायची वाट आहे. चूक अजाणतेपणी झाली असेल आणि आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यानं, अजून तपासणी सुरू केली नसेल, तर स्ट्रीमलाइन्ड पद्धतीत तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे आणि न दाखवलेल्या मालमत्तेच्या पाच टक्के दंड द्यायचा. तुमच्या बाबतीत दंड अडीच हजार डॉलर. ही वाट तुम्हाला लागू होते का, हे भारतीय फंड हाताळलेल्या सीपीएला विचारा. मित्राच्या मित्राला नको. तोवर काही विकू नका, पण एसआयपीचा पुढचा हप्ता आजच थांबवा.

आणि ती युलिप! कोणी गळ्यात मारली? करमुक्त ती पुण्यात, मिशिगनमध्ये नाही. दीड लाख हप्त्यावर साधारण दहापट संरक्षण मिळतं, म्हणजे पंधरा लाख, १७,००० डॉलर. तुम्ही साडेतीन हजार पौंड वजनाच्या गाडीखाली पाठीवर झोपणार आहात आणि त्या दिवशी घरच्यांच्या मागे उभे काय, तर सतरा हजार डॉलर! क्लच मागवण्याआधी अमेरिकेतलाच वीस वर्षांचा दहा लाख डॉलरचा टर्म विमा घ्या. निर्व्यसनी माणसाला महिन्याला पन्नास-साठ डॉलरच्या आसपास पडेल. युलिप मोडायची की नाही, तेही सीपीएशी बोलूनच.

गाडी वाढेल म्हणता? एसएस ४५४ एलएस६ची, ४५० हॉर्सपॉवरवाली शेव्हेल निराळी. तुमची मालिबू आहे, आणि क्लच बसवल्यानं तिची बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यातला मूळ नोंदीचा कागद, बदलत नाही. घातलेल्यातले निम्मे परत आले तरी मी समाधान मानेन. हा छंद आहे, छंद म्हणूनच पैसे घाला.

घाला मात्र. माझे वडील भोसरीत टर्नर होते, या कामाची गोडी मला कळते. फक्त तुमची यादी अपुरी आहे. क्लच पेडलची असेंब्ली नाही, हायड्रॉलिक रिलीज नाही, क्रॉसमेंबर नाही, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घेण्याचा खर्च नाही. सात हजार धरा. हे पगारातून, महिन्याला पाचशे-सहाशे बाजूला टाकून करा. यंदाची क्रूझ ऑटोमॅटिकवरच होईल, होऊ दे. गिअरबॉक्स शंभर पौंड वजनाचा असतो, छातीवर घेऊन बसवायला जाऊ नका, ट्रान्समिशन जॅक भाड्यानं आणा. बेलहाउसिंग क्रँकशी मध्यात आहे का ते डायल इंडिकेटर लावून पाहा. पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर गेलं तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे मध्य सरकवणाऱ्या खुंट्या, लावा, नाहीतर नवा गिअरबॉक्स पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुरायला लागेल. आणि जुना टर्बो ३५० भंगारात देऊ नका. तेल गाळा, तोंडं प्लॅस्टिकनं बांधा आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा, गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक तो मागेल.