बॉनेट जपानी, इंजिन अमेरिकन : वाचकांचे प्रश्न

या वेळची पाचही पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत : डॅटसन २४०झेड. १९६९ मध्ये जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावानं आलेल्या गाडीची ही निर्यातीची आवृत्ती मूळची २३९३ सीसी, सहा सिलिंडरची. ताकद १५१ अश्वशक्ती, तीही त्या काळच्या सढळ मापानं, आणि वजन जेमतेम १,०५० किलो. तिच्यात शेवरलेचं ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन बसवायचा नाद अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जुना आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये हेच इंजिन ३४५ अश्वशक्ती द्यायचं. इंजिन जागेत बसतं. पत्रं येतात ती बसल्यानंतरची.

प्रश्न : अंबडच्या शेडमध्ये गाडी उभ्यानं चालू ठेवली की दहा-बारा मिनिटांत तापमानाचा काटा ११० अंशांवर जातो. ट्रॅकवर पळताना मात्र ९० च्या पुढे सरकत नाही. मोठा रेडिएटर घ्यावा का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : पैसे खिशातच राहू द्या. पळताना ९० वर राहते म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, एवढंच. आधी ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, पंखे कधी लागतात ते बघा. शेवरलेच्याच कॅमॅरो गाडीतून काढलेल्या एलएस-१ च्या मूळ प्रोग्रॅममध्ये पहिला पंखा १०८ अंशांच्या आसपास लागतो आणि दुसरा ११३ च्या. म्हणजे तुमचे ११० अंश हा बिघाड नाही, कंपनीनंच तसं ठरवलंय. पहिला पंखा ९५ ला आणि दुसरा १०० ला लावून घ्या. त्याहून खाली नको, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडपच, ८६ ला उघडायला लागते. पंखा ८५ वर ठेवलात तर तो बंदच होणार नाही.

तरीही तापली तर मीटर पंख्याच्या टर्मिनललाच लावा, बॅटरीला नाही. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंख्यावर १२ च्या खाली, असं बऱ्याचदा दिसतं. वायर बारीक असते किंवा अर्थिंगची तार रंगावरच कसलेली असते. प्रत्येक पंख्याला वेगळा ४० अँपिअरचा रिले, ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि अर्थिंग घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर. पंख्याला श्राउड, म्हणजे भोवतीचं आवरण, हवंच. रेडिएटरच्या कडेनं पॅनेलपर्यंत राहिलेल्या फटी रबरपट्टीनं बुजवा, नाहीतर इंजिनकडची गरम हवा फिरून परत पुढे येते. झेडचं नाक रुंद असल्यामुळे तिथली फट सहज बोटभर निघते.

आता वाफेची नळी. एलएसच्या दोन्ही हेडच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यांना जोडणारी एक आडवी बारीक नळी असते. इंजिन बसवताना ‘ही कशाला हवी’ म्हणून ती बोल्ट ठोकून बंद केलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. अडकलेली वाफ तिथून निघते. तिचा हौज पाइप रेडिएटरच्या वरच्या टोकाला किंवा एक्स्पान्शन टाकीला जोडा, वाटेत कुठेही झोळ न ठेवता. काटा ९५ वरून एकदम ११५ वर उडी मारून परत खाली येत असेल तर हवा अडकली आहे असंच समजा. सेन्सर पाण्यात नसून वाफेत आहे.

कूलंट भरताना पुढची चाकं फूटभर उंच करा, हीटरचा कॉक पूर्ण उघडा, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी घाला. गाडी गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. झाकण १.१ बारचं. आणि तुमचा काटा कुठल्या सेन्सरचा आहे? ईसीएमचा सेन्सर डाव्या हेडच्या पुढे असतो, जुन्या मीटरचा बहुधा उजव्या हेडच्या मागे अडॅप्टर लावून बसवलेला. दोघांत थोडा फरक पडणारच. भांडण मिटवायला स्कॅनर लावा.

प्रश्न : ९० च्या वेगाला आख्खी गाडी गुणगुणते. चाकं दोनदा बॅलन्स केली. क्लच सोडताना मागून ‘ठक’ असाही आवाज येतो.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत.

गुणगुण ९० ला असताना गिअर न्यूट्रल करा. आरपीएम पडूनही कंप तसाच राहिला तर इंजिन निर्दोष, दोष प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्याकडे. डिफरन्शियल ३.५४ गुणोत्तराचं आणि टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर धरला तर ९० च्या वेगात शाफ्ट मिनिटाला अंदाजे २,७०० फेरे घेतो. बॅलन्स बिघडला असेल तर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे हादरा. क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा, कोन चुकला असेल तर फेऱ्याला दोन, म्हणजे बारीक गुणगुण. तुमच्या गाडीत हा दुसरा, कोनाचा दोष वाटतो.

टी-५६ गिअरबॉक्स लांब असल्यानं झेडमध्ये शाफ्ट आखूड पडतो, आणि आखूड शाफ्टला चूक खपत नाही. चुंबकाचं अँगल मीटर घ्या आणि तीन ठिकाणी लावा : क्रँक पुलीच्या तोंडावर, शाफ्टवर, पिनियनच्या (डिफरन्शियलच्या तोंडच्या) फ्लँजवर. समजा इंजिनची रेषा मागे ३ अंश उतरते, शाफ्टची १ अंश आणि पिनियनची २.५. मग पुढच्या क्रॉसचा कोन २ आणि मागच्याचा १.५. हे चालेल. प्रत्येक कोन अर्धा ते ३ अंशांत आणि दोघांतला फरक १ च्या आत. शून्य कोनही वाईटच. बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी राहून क्रॉसला खड्डे पाडतात. फरक गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली शिम (पातळ पट्ट्या) घालून काढा. वरून बघतानाही रेषा तपासा, कारण स्टिअरिंगला वाट द्यायला इंजिन कधी कधी बाजूला सरकवलेलं असतं. याउपर राहिलंच तर शाफ्ट सातपूरला ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करणाऱ्यांकडे द्या.

‘ठक’ मात्र डिफरन्शियलच्या पुढच्या रबर माउंटिंगचा. झेडमध्ये जोर लागला की डिफरन्शियलचं नाक वर उचलतं; कंपनीनं त्यावर पट्टा टाकला होता, पण तो सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्कच्या इंजिनासाठी. एलएस-१ चा टॉर्क ४७५. फाटलेलं रबर बदलून भागणार नाही, नाकाला वरून धरणारं माउंटिंग लावा. आणि आत मूळचं आर-१८० डिफरन्शियल असेल तर जमल्यास २८०झेडचं आर-२०० टाका.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला १९७३ च्या उजव्या स्टिअरिंगच्या झेडमध्ये हे इंजिन बसवतोय. किट अमेरिकेहून मागवलंय. त्याला काय सांगू? मी स्वतः निवृत्त फिटर आहे.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अमेरिकन किट डाव्या स्टिअरिंगसाठी असतं हे आधी सांगा. एलएसचा सेल्फ (स्टार्टर) उजवीकडे. त्याच बाजूला एक्झॉस्ट आणि तुमच्या मुलाच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडाही. त्यातून जोर लागला की इंजिन उजवीकडेच दबतं. उभ्या इंजिनात दिसणारी मोकळीक म्हणूनच फसवी. किमान २० मिलिमीटर हवी. मोजायला शाडूचा गोळा बरा : गार इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि दांडा यांच्यामध्ये चिकटवा, हँडब्रेक ओढून, फूटब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच एखादा सेकंद अर्धवट सोडा, मग उरलेली जाडी बघा. लांब नळ्यांच्या हेडरपेक्षा आखूड ओतीव मॅनिफोल्ड या गाडीला सोयीचं. सेल्फवर पत्र्याची ढाल लावा, मध्ये ५ मिलिमीटर हवा ठेवून. नाहीतर गरम गाडी बंद केल्यावर सेल्फ नुसता ‘टक’ करेल.

प्रश्न : टाकीत पेट्रोल कमी असलं की लांब वळणावर इंजिन मधूनच अडखळतं.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : टाकी कार्बोरेटरच्या काळातली आहे. वळणात पेट्रोल कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरचं भांडं तेवढा वेळ सांभाळून घ्यायचं, इंजेक्शन नाही. तिथं ४ बार दाब क्षणभरही पडता कामा नये. दीड-दोन लिटरचा सर्ज पॉट (मधली छोटी टाकी) बसवा : कमी दाबाचा पंप टाकीतून पॉट भरतो, जास्त दाबाचा पंप पॉटमधून इंजिनाला देतो, रेग्युलेटरचा रिटर्न पॉटमध्येच, आणि पॉटच्या माथ्यावरून ओव्हरफ्लो टाकीत. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्ये रेग्युलेटर आतच असतो, त्यामुळे पुढे एकच लाइन न्यावी लागते.

टाकी आतून गंजलेली असेल तर आधी ती साफ करा. इथलं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुना गंज सुटा करतं आणि जुने हौज फुगवतं. हे इंजिन १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेलं. नव्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ लागतं. ट्यूनिंग करताना हे सांगायला विसरू नका.

प्रश्न : अशी गाडी पेठ रोडच्या आरटीओत विंटेज म्हणून नोंदवता येईल?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाही. २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, पण ते भरून हा अडसर दूर होत नाही. साध्या नोंदणीलाही मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही असं बजावलं आहे. त्यामुळे ही गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यायची आणि तशीच आणायची.

गाडी कधी मूळ रूपात आणता यावी म्हणून नवी माउंटिंग शक्यतो बोल्टवर बसवा, चेसिस कापू नका. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन भंगारात घालू नका : प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, प्लग बसवलेले, कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची भोकं टेप लावून बंद, वर गोणपाट नको, कारण ते ओल धरतं.