तीनशे वस्तीचे गाव आणि त्याचे शिवार

वाचकांचे प्रश्न : भूगोल आणि लोकजीवन

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका लहान गावी राहतो. लोकसंख्या जेमतेम तीनशे, तरी गावाला स्वतंत्र कारभारी मंडळ, टपाल कार्यालय आणि बर्फावरील खेळांसाठी बंदिस्त मैदान आहे. गाव संपले की मात्र मैल-दीड मैल गेल्यावर एखादे घर लागते. आमच्या खानापूर तालुक्यात एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात आणि तिला स्वतःची ग्रामपंचायत बहुधा नसते. मग ते गाव कोणाच्या जिवावर उभे आहे?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : मैल-दीड मैलावर दिसणाऱ्या त्या घरांच्याच जिवावर. आपल्याकडे शेतकऱ्याचे मूळ घर गावठाणात असते आणि शेत शिवारात. मळ्यांत व वस्त्यांवर राहायला जाण्याची रीत नंतर वाढली. सस्कॅचेवानच्या गवताळ मैदानात घर आधी शेतावर बांधले गेले आणि गाव नंतर आले. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याखाली दहा डॉलर भरून १६० एकर जमीन मिळत असे, परंतु ती नावावर होण्यासाठी तीन वर्षे, दर वर्षी किमान सहा महिने त्याच जमिनीवर राहणे, घर बांधणे आणि ठरावीक क्षेत्र नांगराखाली आणणे बंधनकारक होते. ज्याला आपल्या तुकड्यावरच राहायचे आहे, त्याला गावठाणात घर बांधून भागत नव्हते. मेनोनाइट आणि दुखोबोर या धार्मिक समूहांना एकत्र वस्ती करून राहण्याची सवलत मिळाली होती, पण ते अपवाद होत.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. क्री, सोटो आणि असिनिबोइन लोकांचा तो प्रदेश होता; सरकारशी १८७४ चा चौथा आणि १८७६ चा सहावा करार होऊन आणि त्याच दशकात, ज्यांच्यावर त्यांची गुजराण होती त्या बायसनचे (रानगव्यासारख्या प्राण्याचे) कळप संपत जाऊन त्यांना राखीव जागांमध्ये जावे लागले. त्यानंतर उरलेल्या विस्तारावर मोजणीदारांनी सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ भाग होते. विषम क्रमांकांचे बरेचसे भाग रेल्वे कंपन्यांच्या अनुदानासाठी बाजूला काढले गेले, ११ आणि २९ क्रमांकांचे भाग शाळांच्या खर्चासाठी राखले, तर ८ क्रमांकाचा संपूर्ण आणि २६ क्रमांकाचा बहुतेक भाग हडसन्स बे कंपनी या जुन्या फर-व्यापारी कंपनीकडे गेला. वसाहतकऱ्यांसाठी सोळा भाग उरले आणि प्रत्येक भागात चार कुटुंबे धरली, तर ३६ चौरस मैलांत अवघी चौसष्ट कुटुंबे होतात. आपल्या भाच्याला दिसणारी विरळ वस्ती अशी मुळात कागदावरच ठरलेली होती.

गावाची जागा रेल्वेने ठरवली. घोडागाडीत धान्य भरून निघालेल्या शेतकऱ्याला ते विकून त्याच दिवशी घरी परतता यावे, या हिशेबाने रुळांवर साधारण आठ ते दहा मैलांच्या अंतराने थांबे नेमले गेले. रुळांलगत लाकडी धान्यकोठारांची उंच रांग, रुळांना समांतर एक रस्ता आणि त्याला काटकोनात निघणारी बाजारपेठ, हा आराखडा शेकडो गावांमध्ये इतका सारखा आहे की गावाचे नाव झाकले तर एक दुसऱ्यापासून ओळखणे कठीण जावे. नदीकाठ, घाट, जुने देऊळ किंवा गढी यांपैकी कशानेही ते गाव तेथे बसवले नाही. आसपासच्या शेतांचा माल उतरण्याचे आणि सामानसुमान घेण्याचे ते ठिकाण होते. कोठारांचे मालक भाव पाडतात, ही तक्रार वाढली तेव्हा शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये ‘सस्कॅचेवान व्हीट पूल’ ही सहकारी संस्था उभारली आणि पुढे स्वतःची कोठारे बांधली. साखर कारखान्यांच्या मुलखातील वाचकाला यात नवल वाटू नये.

तीनशे हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्या महसुली गावाच्या लोकसंख्येत वाड्यावस्त्यांची माणसे धरलेली असतात, पण तेथे गावाची हद्द घरांपाशीच संपते आणि शेतांचा कारभार ग्रामीण नगरपालिका नावाची वेगळी संस्था पाहते. ती बहुधा नऊ चौकटींची, म्हणजे सुमारे ८४० चौरस किलोमीटरची असते आणि तिची लोकसंख्या जनगणनेत स्वतंत्र मोजली जाते. बर्फावर खेळायला येणारी निम्मी मुले त्या दुसऱ्या रकान्यातील असली, तरी गावाच्या आकड्यात ती दिसत नाहीत.

प्रश्न : सस्कॅचेवानची राजधानी असलेल्या रिजायना या शहरात वर्षाला चारशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो, असे वाचले. आमच्या माण तालुक्यातला पाऊस त्याहून कमी नाही. तरी आमच्याकडे चारा छावण्या लागतात आणि तो प्रदेश गहू निर्यात करतो, हे कसे?
— एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी पडला आणि जमिनीत किती टिकला, यावर पीक ठरते. रिजायना पन्नास अंश उत्तर अक्षांशावर आहे; तेथे साधारण नोव्हेंबर ते मार्च जमीन गोठलेली असते आणि या काळात ओलावा उडून जाण्याचे प्रमाण फार थोडे असते. पाऊस मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये पडतो आणि गव्हाची पेरणी ते कापणी हाच तो काळ. शिवाय जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. माणमध्ये पिकाची खरी मदार परतीच्या पावसावर असते आणि जमिनीतली उरलीसुरली ओल मार्च ते मेच्या उन्हात उडून जाते.

जमिनीचा वाटाही मोठा आहे. रिजायनाभोवतीचे सपाट मैदान हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून झालेल्या सरोवराचा तळ आहे. त्या चिकणमातीत गवताच्या मुळ्या हजारो वर्षे कुजत राहिल्याने ती काळसर आणि ओल धरणारी झाली. जुने शेतकरी एक वर्षाआड रान पडीक ठेवून दोन वर्षांची ओल एका पिकाला देत. अलीकडे नांगरट न करता धसकटांतच पेरणी करण्याची पद्धत रुळल्याने पडीक रान खूप कमी झाले आहे. एवढे करूनही तेथील एकरी उतारा पंजाबच्या बागायती गव्हापेक्षा कमीच असतो. निर्यात होते, कारण प्रांतातील सरासरी शेत १,७०० एकरांहून मोठे आहे आणि खाणारी तोंडे थोडी आहेत.

अवर्षण त्यांनाही चुकलेले नाही. ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख जॉन पॅलिसर यांच्या १८५७ ते १८६० च्या पाहणीत दक्षिणेकडील कोरडा त्रिकोण शेतीला अयोग्य ठरवला गेला होता. पुढे पावसाची काही वर्षे चांगली गेल्यावर हा इशारा बाजूला पडला आणि १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी तो खरा ठरवला. १९७२ ची आठवण आपल्याकडे जशी निघते, तशी तेथे त्या दशकाची निघते.

प्रश्न : सस्कॅचेवानमधील अशा लहान गावांची लोकसंख्या वाढते आहे की घटते आहे? महाविद्यालयातील प्रकल्पासाठी माहिती हवी आहे.
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : प्रांत वाढला, बहुतेक गावे घटली. सस्कॅचेवानची लोकसंख्या १९३१ मध्ये ९,२१,७८५ होती, १९५१ मध्ये ती ८,३१,७२८ पर्यंत उतरली आणि २०२१ मध्ये ११,३२,५०५ झाली. मात्र आज प्रांताची निम्मी माणसे सस्कॅटून आणि रिजायना या दोन महानगरक्षेत्रांत राहतात. याच काळात शेतांची संख्या १९३६ मधील सुमारे १ लाख ४२ हजारांवरून २०२१ मध्ये ३४ हजारांवर आली. ट्रॅक्टर आणि मालमोटार आल्यावर आठ मैलांचे अंतर क्षुल्लक झाले. १९४४ च्या कायद्याने शाळांचे मोठे गट झाले आणि पुढे एकखोली शाळा मिटत गेल्या. १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वे भाड्याची जुनी सवलत संपल्यावर शाखामार्ग आणि लाकडी कोठारे आणखी झपाट्याने बंद पडली. कोठार गेले की दुकान, बँक आणि शाळा टिकवणे अवघड होते.

अपवाद आवर्जून नोंदवावेत. एस्टरहेझी या गावाजवळ १९६० च्या दशकात पोटॅशच्या खाणी सुरू झाल्या आणि दोन हजारांहून अधिक वस्तीचे ते गाव आजही टिकून आहे. भारत आपली पोटॅशची गरज आयातीवर भागवतो आणि त्यात कॅनडाचा वाटा असतो, तेव्हा सांगलीच्या द्राक्षबागेत पडणाऱ्या खताशीही या प्रांताचा संबंध पोचतो.

सातारा जिल्ह्याशी तुलना करायची असल्यास २०११ च्या जनगणनेतील ३०,०३,७४१ लोकसंख्या आणि दर चौरस किलोमीटरला २८७ ही घनता घ्यावी. सस्कॅचेवानमध्ये ही घनता दोनच्या आसपास आहे. एकेका गावाचा आकडा घेताना मात्र शेजारच्या ग्रामीण नगरपालिकेचा आकडा त्याला जोडावा आणि टक्केवारीवर फार भर देऊ नये, कारण तीनशे वस्तीच्या गावात पाच जणांची सहा कुटुंबे आली किंवा गेली तरी दहा टक्क्यांचा फरक पडतो.