बूट मेन्यूत पर्याय किती ठेवावेत?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) आधारित एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करतोय. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की मेन्यूत अकरा पर्याय येतात : नेहमीची सुरुवात, सुरक्षित ग्राफिक्स, सगळी सिस्टीम रॅममध्ये घेणं, बदल जतन करणं, चार भाषा, मेमरी चाचणी वगैरे. एक मित्र म्हणतो, एकच ठेवा. मला एकही काढवत नाही. किती ठेवावेत?
– एक वाचक

उत्तर : आधी आकडा ठरवू नका. प्रत्येक पर्यायाबद्दल विचारा : ही निवड सिस्टीम सुरू झाल्यावर करता येईल का? येणार असेल, तर ती मेन्यूत नको. चारही भाषा इथेच बाहेर पडतात.

सुरक्षित ग्राफिक्स मात्र राहायलाच हवं. स्क्रीनच काळी राहिली तर माणूस पुढे काय निवडणार? फक्त त्याला नाव नीट द्या. माझी आत्या एकदा फोनवर मला मेन्यू वाचून दाखवत होती. ‘नोमोडसेट’ (सुरक्षित ग्राफिक्सची तांत्रिक आज्ञा) ही ओळ तिने काहीतरी तांत्रिक असेल म्हणून गाळली, आणि नेमकी तीच हवी होती. ‘स्क्रीन काळी राहत असेल तर हे निवडा’ असं सरळ लिहा.

बदल जतन करणं हा वेगळा पर्याय कशाला? नेहमीच्या सुरुवातीतच ते चालू ठेवा. उलट ‘जतन केलेले बदल न घेता सुरू करा’ हा पर्याय द्या, कारण कधीतरी एखादा जतन झालेला बदलच सिस्टीम अडवतो. हा पर्याय, रॅमचा पर्याय आणि मेमरी चाचणी ‘इतर पर्याय’ या उपमेन्यूत जाऊ द्या. म्हणजे समोर तीनच ओळी उरतात.

तुमच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते इन्स्टॉल केलेल्या सिस्टीमला लागू पडतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमचं बघा. तिच्या २९ व्या आवृत्तीपासून (२०१८) संगणकावर ती एकटीच असेल आणि मागची सुरुवात नीट झाली असेल, तर मेन्यू दिसतच नाही. तुमचा पेन ड्राइव्ह मात्र रोज वेगळ्या संगणकाला लागणार. समोरचं ग्राफिक्स कार्ड कसं वागेल, हे त्याला आधी कसं कळावं?

एक गोष्ट कृपा करून काढू नका. डेबियनच्या इन्स्टॉलरचा मेन्यू तयार झाला की बीप वाजतो. मग ‘एस’ आणि एंटर दाबलं की पुढचं सगळं आवाजात ऐकू येतं. ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांना दुसऱ्या कुणाला न बोलावता सुरुवात करता येते, ती यामुळेच. तुमच्या सिस्टीममध्येही ही सोय हवीच, आणि ती उपमेन्यूत दडवू नका. बीप आणि एकच कळ पुरे.

वेळेचंही बघा. विंडोज ८ इतकी झटपट सुरू व्हायची की मेन्यू उघडणारी एफ८ ही कळ दाबायला २०० मिलिसेकंदही मिळत नसत. तुम्ही १० सेकंद ठेवा. ग्रबमध्ये (हा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम) कुठलीही बाणाची कळ दाबली की उलटी मोजणी थांबते, ही सूचना मेन्यूच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा.