लाजपतनगरच्या अफगाण हॉटेलात चौघांनी काय मागवावं?

तुम्ही विचारलंय की चौघं दिल्लीला जाताय, एक जण शाकाहारी आहे, एक दुपार लाजपतनगरच्या अफगाण हॉटेलासाठी राखून ठेवलीय, तर काय मागवावं.

मेनूकार्डावर ‘अफगाणी चिकन’ शोधू नका. काजू-क्रीमच्या पांढऱ्या रश्श्याला आपल्याकडे ते नाव पडलंय, पण तो पदार्थ उत्तर भारतीय हॉटेलांचा. काबूलच्या स्वयंपाकात काजूची पेस्ट नाही, तिखटाची लाल तर्री नाही आणि हिंगाची फोडणीही नाही. आपल्या डब्यातला हिंग बराचसा तिथूनच येतो, पण तिथे तो लागतो लांदीला, म्हणजे हिवाळ्यासाठी वाळवून ठेवायच्या मटणाला मिठाबरोबर चोळायला. झणझणीतपणाची वाट बघत बसलात तर सगळं जेवण सपक वाटेल.

जेवण भाताभोवती बसवा. काबुली पुलाव दोन प्लेट सांगा, तिघांना पुरून उरतो. पुलावासाठी कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत परततात, त्यात मटण शिजवतात आणि त्या यखनीत, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात, अर्धवट उकडलेला, निथळलेला लांब तांदूळ दमावर ठेवतात. जिरं, वेलची, दालचिनी, लवंग किंवा मिरी, मसाला एवढाच. भाताला फिकट बदामी रंग येतो तो कांद्याचा आणि यखनीचा. पिवळाधमक भात आला तर समजा, रंगाने काम भागवलंय. गाजराच्या काड्या तेलात किंचित साखर घालून परतलेल्या असतात. त्या मऊ हव्यात, पण मोडून लगदा झालेल्या नकोत. मनुका टपोऱ्या फुगलेल्या हव्यात. काळ्या आणि कडू लागल्या तर त्या तेलात जास्त वेळ राहिल्यात. मटणाचा तुकडा भाताच्या ढिगाखाली पुरलेला असतो, तो चमच्याने सुटला पाहिजे. ‘मटण दिलंच नाही’ म्हणून वेटरला हाक मारण्याआधी भात उकरून बघा! पुलाव मोठ्या देगेत एकदाच शिजतो, म्हणून एक-दीडच्या सुमारास पोचा. रात्री उशिरा मिळतो तो बरेचदा पुन्हा गरम केलेला, शितं कोरडी आणि तेल तळाला.

बसल्या बसल्या आधी मंतू सांगून टाका, कारण ते वाफवायला वेळ लागतो. पातळ पारीत खिमा आणि भरपूर कांदा. कांदा कमी पडला की आतलं सारण कोरडं गोळा होतं. ताटलीत खाली लसूण घातलेलं घट्ट दही, त्यावर मंतू, वर टोमॅटोत शिजवलेली डाळ आणि चुरडलेला सुका पुदिना. दही थंड, मंतू कढत, ही जोडी दोन-चार मिनिटंच टिकते, त्यामुळे फोटो पटकन उरका. पारीच्या कडा चामट लागल्या तर आधीच वाफवून ठेवलेले मंतू तुम्हाला दिलेत. उकडीचे मोदक गार झाले की कळ्या कडक होतात, तसंच.

आता शाकाहारी माणूस. पुलावातलं मटण बाजूला काढून भात खाऊ म्हटलं तर चालणार नाही, शितंच यखनीत शिजलेली असतात. त्यांच्यासाठी चलाव मागवा, हा साधा पांढरा भात. सोबत बोरानी बांजान: तळलेल्या वांग्याचे काप, टोमॅटो आणि वरून लसणीचं दही. भरीताची सवय असलेल्याला आवडतंच. बटाट्याची किंवा गंदनाची बोलानी, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, निर्धास्त घ्या. गंदना म्हणजे कांद्याच्या पातीसारखी भाजी, तीच आशक नावाच्या, मंतूसारख्या पारीच्या पदार्थात भरतात. पण आशक फसवतं: आत पात असली तरी वर खिमा ओततात, तेव्हा तो नको असेल तर आधीच सांगावं लागतं. मेनूवरची ‘सब्जी’ म्हणजे पालक, आपली कुठलीही भाजी नव्हे. आणि त्यात मटण असू शकतं. लोबिया, म्हणजे राजमा, त्याचंही तेच. वेटरला हिंदी कळतं. नुसतं ‘व्हेज है क्या’ विचारलं तर तुकडे नाहीत एवढ्यावर ‘हो’ मिळू शकतं, म्हणून ‘गोश्त भी नहीं, यखनी भी नहीं’ असं फोडून विचारा.

कबाब स्टार्टर म्हणून येत नाहीत, सगळं एकदमच टेबलावर येतं. टिक्का कबाबाच्या दोन सळ्या पुरेत. मांसाच्या तुकड्यांमध्ये चरबीचा तुकडा ओवलेला असतो. अफगाणिस्तानात ती दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या शेपटीची. तो तुकडा ताटात बाजूला सारू नका, मांसाबरोबर एका घासात खायचा असतो, आणि गरम असतानाच. गार झाला की टाळूला चिकटतो. चपली कबाब वेगळा, धणे आणि टोमॅटो घालून चपटा तळलेला. दोन्ही मागवलेत तर पुलाव उरणार.

नान लांबट, बोटांनी चर पाडलेला असतो. तो बहुतेक ठिकाणी जेवणासोबत येतोच, म्हणून ऑर्डर करण्याआधी विचारून घ्या. अफगाण लोक नान पालथा ठेवत नाहीत, तेवढं पाळा. हिरवी चटणी सिरक्याची आणि चांगलीच आंबट, थेंबाथेंबाने घ्या. दूग म्हणजे खारं ताक, पुदिना आणि कधी काकडीचा कीस घातलेलं. आपल्या मठ्ठ्याला आलं-मिरची असते, इथे नाही. तुपकट जेवणावर कोल्ड्रिंकपेक्षा केव्हाही बरं.

शेवटी चहाची किटली सांगा: वेलची घातलेला हिरवा चहा, बिनदुधाचा. दूध मागू नका. गोडात फिरनी, थंड आणि सुरीने कापता येईल इतकी घट्ट. मैद्यासारखी चव लागली तर कॉर्नफ्लोअर कच्चं राहिलंय.

पार्सल घ्यायचं तर बोलानी घ्या, मंतू नको. दह्यात पारी विरघळते. गल्लीतल्या तंदूरवाल्याकडून दोन नान जास्तीचे घेतलेत तर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम कोंबले की घाम सुटून लिबलिबीत होतात. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात लावून तव्यावर टाका, दोन्ही बाजूंनी मिनिटभर.