थंय खाली वारो येता मां गो?

तुझा मेसेज रात्रपाळीहून आल्यावर वाचला आणि झोपच उडाली. माहेर कुडाळ, पाच वर्षं राजस्थानातल्या जस्ताच्या भूमिगत खाणीत इलेक्ट्रिकलला, आता इथून, कॅनडातल्या सडबरीच्या एका खाणीतून ‘व्हेंटिलेशन ऑन डिमांड’च्या, म्हणजे गरजेपुरती हवा सोडण्याच्या कामाची ऑफर, मुलगा तिसरीत. आणि शेवटी एवढंच, ‘ताई, येऊ का?’ व्हिसा, टॅक्स, थंडीचे कपडे हे सगळं तुला सरकारी साइटवर मिळेल. त्यात मी शिरत नाही.

मी वेंगुर्ल्याची. रेडीच्या लोहखनिजाचे ट्रक बघत मोठी झाले, पण ती खाण उघडी. मला जमिनीखाली जायचं होतं, आणि १९५२ च्या खाण कायद्याने बाईला भूमिगत कामाला बंदी होती. म्हणून २०१२ ला नवरा आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन इथे आले. २०१९ मध्ये आपल्याकडे तांत्रिक आणि देखरेखीच्या जागांसाठी ती बंदी उठली. बातमी वाचली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आनंद होताच, पण सात वर्षं थांबले असते तर, हेही होतं. तू त्या उघडलेल्या दारातून खाली गेलेली मुलगी आहेस. आता तूच विचारतेयस निघू का म्हणून. मला सरळ उत्तर कसं सुचणार?

तुझ्या नवऱ्याने विचारलंय की हवा कमी-जास्त करण्याचा एवढा पगार कसा. त्याला सांग, भूमिगत खाणीची पुष्कळदा निम्म्यापर्यंत वीज नुसत्या हवेवर जाते. पूर्वी पंखे लावले की लावले, फेसवर, म्हणजे खडक फोडतात त्या टोकाला, माणूस असो नसो. आता माणसाच्या टोपीवरच्या दिव्याला जागा कळवणारा टॅग, गाडीला टॅग. कोण कुठल्या लेव्हलला, म्हणजे खाणीच्या कुठल्या मजल्यावर आहे ते बघून तिथला पंखा वाढवायचा आणि रिकाम्या जागेचा मंद करायचा. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी होते, वेग निम्म्यावर आणला की आठवा हिस्सा पुरतो. इथे हिवाळ्यात बाहेर उणे तीस असतं, तेव्हा शाफ्टमध्ये, म्हणजे खाली जाणाऱ्या उभ्या विहिरीत, बर्फ धरू नये म्हणून हवा गॅसवर तापवून खाली सोडतात. म्हणजे नको तिथली हवा वाचली की गॅसही वाचतो. डिझेल इंजिनाच्या दर किलोवॅटमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर हवा हा ऑन्टारियोचा नियम. २५० किलोवॅटचा एक स्कूप (खनिज उचलून नेणारी गाडी) आत शिरला की सेकंदाला १५ घनमीटर हवा त्याच्या एकट्याच्या नावाची.

कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा आठव, साडेसहा किलोमीटरचा. डिझेल इंजिन होतं तेव्हा बोगदा आला की आम्ही खिडक्या खाली ओढायचो आणि आई नाकाला पदर लावायची. २०२२ ला सगळ्या मार्गावर वीज आली, धूर गेला. इथे बॅटरीवरचे स्कूप येताहेत, त्यांचाही हिशोब तोच. पण म्हणून हवेचं काम संपत नाही. धूळ राहते, उष्णता राहते. हवा खोल उतरताना नुसत्या दाबानेच दर १०० मीटरला साधारण एक अंश तापते, आणि सडबरीच्या खाणी दोन किलोमीटरच्याही खाली गेल्या आहेत. माझी आई दर रविवारी फोनवर एकच विचारते, ‘थंय खाली वारो येता मां गो?’ माझ्या सगळ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुणाकडून मिळालेलं नाही.

हे मात्र लिहून ठेव. माझ्या दुसऱ्या वर्षी दुरुस्तीहून आलेल्या एका स्कूपचा टॅग बदलला होता आणि नवा नंबर सिस्टीमला चढलाच नव्हता. स्क्रीनवर ती लेव्हल रिकामी, त्यामुळे पंखा मंद. ऑपरेटरचा फोन आला, डोळे चुरचुरताहेत. त्याला इंजिन बंद करून ताज्या हवेत यायला सांगितलं, पंखा हाताने पूर्ण वेगावर टाकला आणि हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर घेऊन खाली गेले. डक्टच्या, म्हणजे हवेच्या मोठ्या नळीच्या तोंडाशी मीटरची पाती भरारा फिरायला लागली, निळसर धूर छताकडून हळूहळू मागे सरकला, तोवर माझे हात थरथरत होते. तेव्हापासून स्क्रीन काहीही म्हणो, मी खाली जाऊन स्वतः मोजते. टॅगशी संपर्क तुटला की पंखा वाढलाच पाहिजे, हे पहिल्या आठवड्यात तपासून घे. आणि पंख्याचा आवाज बसला की माणसं बोलायची थांबतात, वर बघतात. वीज वाचवायला आपला श्वास कापला असं त्यांना वाटतं. त्यांच्याबरोबर जेवायला बस, सेन्सरचे आकडे दाखव, डक्टसमोर हात धरायला लाव.

कागदांचं थोडं सांगतेच, कारण अजून जळफळाट होतो. माझ्या जन्माच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीने नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’ लिहिलेलं. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्या एका रकान्यापायी सात महिने गेले. भाऊ एसटीने किती खेपा घालत होता. प्रतिज्ञापत्र पाठवलं तर शिक्का पुसट म्हणून परत, पुन्हा पाठवलं तर तारखेचा क्रम उलटा म्हणून परत. तुझे तिन्ही दाखले आजच शेजारी शेजारी ठेव आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघ. इंजिनिअरच्या लायसनसाठी माझ्या वेळी कॅनडातला अनुभव मागत. २०२३ ला ऑन्टारियोत ती अट गेली, तेवढा तुझा त्रास वाचला.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं, मग कामात विसरतं. आता चिपीचं विमानतळ आहे, मोपाचं आहे, घरी पोचणं सोपं झालंय. त्याची धास्ती घेऊ नकोस.

धास्ती शाळेची घे. इथे मुलाला वयाप्रमाणे वर्ग देतात, म्हणून माझी मुलगी वर्गात बरोबर बसली, पण इंग्रजी येत नसेल असं धरून तिला रोज अर्धा दिवस वेगळ्या खोलीत बसवत. तिला इंग्रजी वाचता येत होतं. तिला बसवून दोन पानं वाचून घ्यावीत, एवढं कुणी केलं नाही. संमतीच्या फॉर्मवर सही माझी आहे. सकाळी सातला रात्रपाळीहून येऊन न वाचता केलेली. दर सहामाहीला शेरा यायचा, ‘शांत आहे, छान जुळवून घेते आहे.’ मी तो फ्रिजवर लावायचे.

दोन वर्षांनी एकदा वादळ आलं, शाळा लवकर सुटली आणि मी पहिल्यांदाच आत जाऊन तिला घेतलं. पाच वर्षांच्या मुलांच्या टेबलाशी, गुडघे पोटाशी घेऊन ती सफरचंदाचं चित्र रंगवत होती. दहा वर्षांची मुलगी. दप्तरात तिचं तिसरीचं मराठीचं पुस्तक निघालं, मी वेंगुर्ल्यात घातलेल्या खाकी कव्हरात, कडा मऊ पडलेल्या. मधल्या सुट्टीत ती तेच वाचायची. गाडीत मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, ‘आई, सांगितलं होतं. तू झोपलेली होतीस.’

शाळा म्हणाली, मुलीची काही तक्रार नव्हती. मी भांडले तेव्हा चाचणी घेतली आणि दोन आठवड्यांत तिला बाहेर काढलं. पण फ्रेंचच्या वर्गात जायचं वय तोवर उलटून गेलं होतं, आणि घरी ती मराठी बोलायची थांबली होती. आता एकवीस वर्षांची आहे. आजीचं मालवणी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. विचारलं तर म्हणते, काही नाही गं, जुनं आहे ते. मी खाणीतली प्रत्येक लेव्हल स्वतः जाऊन मोजली. तिच्या वर्गात दोन वर्षं गेले नाही.

तू कामासाठी विचारत असशील तर ये. तुझ्यासारखी खाली उतरलेली, पंख्याचा वेग बदलणारे ड्राइव्ह आणि सेन्सर दोन्ही कळणारी माणसं इथे हवी आहेत, आणि हे काम मनापासून करावं असं आहे. मुलासाठी विचारत असशील तर मला सांगता येत नाही. आलात तर पहिल्या महिन्यात त्याच्या वर्गात एक दिवस बसून ये. त्याच्या वह्या बरोबर आण, चाचणी घ्या म्हणून लेखी माग, आणि पहिले सहा महिने तुम्ही दोघांनी मिळून रात्रपाळी घेऊ नका, एकाने तरी जागं असलं पाहिजे. ऑफर लेटरमध्ये पाळी कुठली लिहिली आहे ते नीट बघ आणि मला कळव. शाळेचा फॉर्म आला की सही करण्याआधी फोटो पाठव, मी वाचून देते.