सहावीतली मुलगी वाचलेल्या पुस्तकांवर वहीत लिहिते. तिला प्रोत्साहन कसं द्यावं?

तुमच्या तीन काळज्या दिसतात: शुद्धलेखन कच्चं आहे, स्पर्धेला पाठवावं का, आणि ती पुस्तकांना सरळ 'बोअर' म्हणते हे बरं दिसतं का. पहिल्या दोन किरकोळ आहेत. तिसरी वाचून माझं डोकं तापलं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

म्हणू द्या बोअर.

मी एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल होते. सातवीतला एक मुलगा पुस्तक परत करताना आत चिठ्ठी ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं, आपली हौस. 'शेवट आधीच कळतो.' 'कुत्रा मेला तिथे वाचायचं थांबलो, मग जेवून पुन्हा वाचलं.' मी त्या चिठ्ठ्या सूचनाफलकावर, नव्या पुस्तकांच्या यादीशेजारी लावायला लागले. संध्याकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळीसुद्धा आधी तिकडे वळायची.

मग त्याने आमच्याच गावातल्या एका निवृत्त गुरुजींचं बालकथांचं पुस्तक वाचलं. गुरुजींनी स्वतः भेट दिलेली प्रत होती ती. चिठ्ठी अशी: 'यातली सगळी मुलं खूपच शहाणी आहेत. अशी मुलं आमच्या वर्गात एकपण नाही. मी अर्ध्यात सोडलं.' लावली मी. इतकं नेमकं त्या पुस्तकाबद्दल कोणी बोललं नव्हतं, प्रकाशन समारंभात तर नाहीच.

दोन दिवसांत अध्यक्षांचं बोलावणं आलं. अध्यक्ष गुरुजींचेच विद्यार्थी. खरं तर अर्धी कार्यकारिणीच. "मॅडम, टीका करायला अधिकार लागतो. पोराची मिसरूड फुटली नाही अजून." मी म्हटलं, सर, पुस्तकावर 'बालकथा' छापलंय. मग अधिकार कोणाचा, तुमचा का माझा? ते म्हणाले, मुलांनी चांगलं तेवढंच लिहावं, संस्कार म्हणून. मला हसूच आलं. त्यांच्याच खुर्चीमागच्या कपाटात 'ललित' मासिकाचे बांधीव अंक होते. जयवंत दळवी त्यात 'ठणठणपाळ' या नावाने वर्षानुवर्षं भल्याभल्या लेखकांच्या टोप्या उडवत होते. ते अंक आम्ही मानाने जपतो, आणि पोराच्या चार ओळींनी संस्कार बुडतात!

चिठ्ठी मी काढली नाही. शिपायाकडून काढवली गेली. पण तोवर गंमत झाली होती. ज्या पुस्तकाला कोणी हात लावत नव्हतं, ते मुलं देवघेवीच्या खिडकीशी येऊन मागायला लागली, कारण त्यातली शहाणी मुलं बघायची होती. गुरुजींना आयुष्यात मिळाले नसतील इतके वाचक त्या चिठ्ठीने दिले. हे अध्यक्षांनी कधी मान्य केलं नाही. सर, हे उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचलं तर देवघेवीच्या नोंदी अजून तिथेच आहेत, काढून बघा.

आता तुमच्या मुलीकडे येते. स्पर्धेचं म्हणाल तर मला वावडं आहे. 2015 पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो. कल्पना चांगली आहे. पण त्या निमित्ताने मुलांकडून आलेली जी परीक्षणं माझ्यासमोर यायची, त्यांत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत, मिळालेला बोध असे रकाने असायचे. वाचून कंटाळा आला, हसू आलं, रात्री भीती वाटली, याला रकाना नाही. मुलं मुखपृष्ठामागचा मजकूर उतरवून द्यायची आणि त्यालाच बक्षीस मिळायचं. तिला स्वतःहून जायचं असेल तर जाऊ दे, तुम्ही फॉर्म आणू नका.

शुद्धलेखन: वहीत लाल पेन नको. तिने विचारलं तरच सांगा. ऱ्हस्व-दीर्घ पुढे सुधारतं, पण 'अर्ध्यात सोडलं' असं लिहायची हिंमत गेली की परत आणता येत नाही.

वाचायला सतत काहीतरी हाताशी हवं. वाचनालयाचं कार्ड तिच्या नावाचं काढा, तुमच्या नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यातलं काय जुनाट वाटतं तेही तिला लिहू दे.

एक मात्र सांगायला हवं, मी जरा एका बाजूने बोलतेय. पुस्तकाला नावं ठेवणं आणि लेखकाला नावं ठेवणं यातला फरक तिला दाखवावा लागेल. त्या मुलाने गुरुजींबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मीच चिठ्ठी लावली नसती. नुसतं 'बोअर' लिहिलं असेल तर 'कुठल्या पानापासून?' एवढं विचारा. ऑनलाइन टाकायची घाई नको, टाकलंच तर आडनाव, शाळा, फोटो नको.

तो मुलगा लेखक वगैरे झाला नाही. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे. पुस्तक आवडलं नाही की अजून मला दोन ओळींचा मेसेज टाकतो, आणि बऱ्याचदा मला ते पुस्तक आवडलेलं असतं. मग आम्ही भांडतो. तुम्हीही मुलीने नापास केलेलं एखादं पुस्तक वाचा आणि तिच्याशी भांडा. 'छान लिहिलंयस हं' म्हणून वही परत देण्यापेक्षा तिला ते जास्त आवडेल.